भाड्याचे घर, गॅसचा गिझर आणि मालकाचे दायित्व

डॉक्टरांच्या स्मरणिकेत एका बालरोगतज्ज्ञाने न्हाणीघरातील गॅस गिझरविषयी लिहावे, हे काही वाचकांना अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. हा विषय प्लंबरचा, फार तर घरमालकाचा, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या समाजातील अनेक डॉक्टरमंडळी स्वतः घरमालक आहेत. कोणाच्या दांडिया बाजारातील किंवा रावपुऱ्यातील वडिलोपार्जित घराचा वरचा मजला भाड्याने दिलेला असतो, कोणी फतेहगंज-सयाजीगंज भागातील फ्लॅट विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना दिलेला असतो, तर कोणी निवृत्तीनंतरची सोय म्हणून घेतलेल्या जागेत एखादे लहान कुटुंब भाडेकरू म्हणून ठेवलेले असते. भाडे ठरते, अनामत रक्कम ठरते, विजेचे बिल कोणी भरायचे तेही ठरते. त्या घरातील गॅसचे उपकरण कोणी बसवले आणि ते शेवटचे कोणी तपासले, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो.

या बाबतीत माझे मत निःसंदिग्ध आहे. भाड्याच्या घरात गॅसवर चालणारे जे उपकरण मालकाने दिले असेल, ते पात्र माणसाकडून बसवून घेणे आणि दरवर्षी तपासून घेणे हे मालकाचे कर्तव्य होय. तो मालक डॉक्टर असेल, तर अज्ञानाची सबब त्याला उपलब्ध नाही.

प्रथम वैद्यकीय बाजू पाहू. गॅस अपुऱ्या प्राणवायूत जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. या वायूला रंग नाही, वास नाही आणि तो डोळ्यांना झोंबतही नाही. आपण ज्या वासावरून गॅसगळती ओळखतो, तो वास कंपन्या इंधनात मुद्दाम मिसळतात. इंधन जळून गेल्यावर उत्पन्न होणाऱ्या विषारी वायूला तो वास नसतो. म्हणून 'वास आला असता तर कळले असते' ही समजूत घातक आहे. हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या तुलनेत कार्बन मोनॉक्साइडची ओढ २०० ते २५० पट अधिक असते. एकदा तो रक्तात बसला की साध्या हवेत त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला ४ ते ६ तास लागतात; १०० टक्के प्राणवायू दिला तर हाच काळ सुमारे १ ते दीड तासावर येतो.

लहान मुलांच्या बाबतीत धोका वाढतो. मूल वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा श्वासावाटे घेते, त्यामुळे त्याच न्हाणीघरात, तेवढ्याच वेळात, त्याच्या रक्तात विष लवकर साठते. गर्भवती स्त्रीच्या पोटातील बाळाचे हिमोग्लोबिन तर हा वायू अधिकच घट्ट धरून ठेवते. आई सावरली तरी बाळ सावरले असे गृहीत धरता येत नाही. आणि लक्षणे कोणती? डोके दुखणे, मळमळ, उलटी, गुंगी, चक्कर, एखादा झटका. हिवाळ्यात बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात दिवसभर हीच लक्षणे येत असतात. त्यांवर विषाणुजन्य ताप, अपचन, अन्नातून विषबाधा किंवा फिट अशी नावे सहज बसतात. बोटाला लावायचा साधा पल्स ऑक्सिमीटर येथे फसवतो, कारण कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूयुक्तच भासते. आकडा ९८ दिसतो आणि मूल गुदमरलेले असते. पाठ्यपुस्तकातील चेरीसारखा लाल वर्ण जिवंत रुग्णात क्वचितच आढळतो. शिवाय प्रसंगातून वाचलेल्या काहींमध्ये काही दिवसांनी वा आठवड्यांनी स्मृती, वर्तन आणि हालचालींचे विकार उद्भवतात. भारतीय वैद्यकीय नियतकालिकांतून अशा रुग्णांची वर्णने 'गॅस गिझर सिंड्रोम' या नावाने प्रसिद्ध झालेली आहेत.

आता यंत्राची बाजू. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा घरगुती गिझर पूर्ण ज्योतीवर तासाला सुमारे १ किलो एलपीजी जाळतो. तेवढा गॅस नीट जळण्यासाठी सुमारे १२ घनमीटर हवा लागते. फ्लॅटमधले ५ फूट रुंद, ७ फूट लांब आणि ९ फूट उंच न्हाणीघर घेतले तर त्यात एकूण हवा ९ घनमीटरही भरत नाही. म्हणजे पंधरा मिनिटे गिझर चालला की न्हाणीघरातील एक तृतीयांश हवेतला प्राणवायू खर्ची पडला, आणि घरातील दुसरे माणूस पाठोपाठ स्नानाला गेले की दोन तृतीयांश. दार बंद, थंडीमुळे झरोक्याला पुठ्ठा लावलेला, एक्झॉस्ट पंखा बंद, अशा स्थितीत ज्योत निळ्याची पिवळी होते आणि विषाची निर्मिती सुरू होते. त्याच वेळी खोलीत वाफ असते, अंगावर गरम पाणी असते आणि आलेली गुंगी माणसाला सुखावह वाटते. दाराला आतून कडी असते. यात अपघाताचा म्हणावा असा भाग फार थोडा आहे. गिझर न्हाणीघरात लावला त्या दिवशीच या दुर्घटनेची तयारी झालेली असते. बहुतेक उत्पादकांच्या पुस्तिकेत गिझर न्हाणीघराबाहेर, हवेशीर जागी बसवावा असे लिहिलेले असते. ती पुस्तिका खोक्याबरोबर रद्दीत जाते.

मग हा गिझर बसवतो कोण? दुकानदाराने धाडलेला मुलगा, इमारतीत नळाचे काम करणारा प्लंबर, किंवा गॅसची शेगडी दुरुस्त करणारा ओळखीचा मिस्त्री. ही माणसे कष्टाळू असतात, आणि आपल्या कामात अनेकदा हुशारही असतात. परंतु नळ जोडणे आणि ज्वलनाची व्यवस्था लावणे ही दोन वेगळी शास्त्रे आहेत. सिलिंडरच्या गॅसचा दाब आणि पाइपाने येणाऱ्या नैसर्गिक वायूचा दाब सारखा नसतो; दोहोंसाठी लागणाऱ्या जेटची छिद्रेही निरनिराळी असतात. बडोदे हे पाइपाने घरोघर गॅस पोहोचवणाऱ्या देशातील आरंभीच्या शहरांपैकी एक असल्यामुळे येथे जुन्या सिलिंडरच्या गिझरला नव्या जोडणीवर चालते करण्याचे प्रसंग वारंवार येतात. ते काम छिद्र अंदाजाने मोठे करून उरकले, तर गिझर चालतो, पाणीही तापते. ज्वलन मात्र बिघडलेले राहते. पाणी तापले म्हणून काम झाले असे मालक समजतो, आणि मिस्त्रीही.

येथे मला आपल्याच व्यवसायाची आठवण होते. नोंदणी नसलेल्या बोगस वैद्यांविरुद्ध, ज्यांना गुजरातीत ऊंटवैद म्हणतात त्यांच्याविरुद्ध, आपल्या संघटना वर्षानुवर्षे ठराव करीत आल्या आहेत. रुग्णाने औषध घेण्यापूर्वी डॉक्टरची पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहावा, असे आपण व्यासपीठावरून सांगतो. 'त्याच्या औषधाने गुण येतो' हा युक्तिवाद आपण कधी मान्य केला नाही. विजेच्या कामाच्या कंत्राटदारालाही राज्याच्या परवाना मंडळाचा परवाना लागतो. मग एका कुटुंबाचा जीव घेऊ शकेल असे उपकरण बसवणाऱ्यापुढे आपली एकमेव चौकशी 'किती घेणार?' एवढीच का असावी?

या प्रश्नाला ब्रिटनने दिलेले उत्तर जाणून घेण्यासारखे आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले, सुना, जावई तेथे इस्पितळांत नोकरीस आहेत, काही शिकत आहेत आणि बहुतेकजण आरंभी भाड्याच्या घरातच राहतात. त्यांच्यासाठीही ही माहिती उपयोगाची आहे. १६ मे १९६८ रोजी पूर्व लंडनमधील रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत गॅसचा स्फोट झाला, इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला आणि चौघांचा अंत झाला. शेगडीच्या नळीला जोडलेला पितळेचा एक निकृष्ट नट हे गळतीचे कारण ठरले. त्यानंतर १९७० मध्ये गॅसचे काम करणाऱ्यांची 'कॉर्गी' ही नोंदवही स्वेच्छेने सुरू झाली, १९९१ पासून नोंदणी बंधनकारक झाली आणि १ एप्रिल २००९ पासून तिची जागा 'गॅस सेफ रजिस्टर' या नोंदवहीने घेतली. या वहीत नाव नसलेल्याने मोबदला घेऊन गॅसचे काम करणे हा तेथे गुन्हा आहे.

घरमालकासाठी १९९८ च्या नियमांनी तीन गोष्टी बंधनकारक केल्या आहेत. मालकाने पुरवलेली गॅसची उपकरणे व धुराडी दर १२ महिन्यांत नोंदणीकृत इंजिनीअरकडून तपासून घेणे. तपासणीचा लेखी दाखला राहत्या भाडेकरूला २८ दिवसांच्या आत आणि नव्या भाडेकरूला तो राहायला येण्यापूर्वी देणे. आणि उपकरणे सुस्थितीत राखणे. यातील वार्षिक तपासणी आणि उपकरणाची सर्व्हिसिंग या दोन निराळ्या बाबी आहेत, हे तेथील भाडेकरूंनी ध्यानात ठेवावे. दाखला आहे म्हणून सर्व्हिसिंग झाली असे होत नाही. शिवाय १ ऑक्टोबर २०२२ पासून इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात बॉयलरसारखे कायम बसवलेले इंधन-उपकरण असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारा अलार्म लावणे मालकावर बंधनकारक आहे. गॅसची शेगडी तेवढी यातून वगळलेली आहे.

तेथील पद्धतीतील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे इंजिनीअरचे ओळखपत्र. त्याच्या पुढील बाजूस छायाचित्र, परवाना क्रमांक आणि मुदत असते. मागील बाजूस तो माणूस गॅसच्या नेमक्या कोणत्या कामांसाठी पात्र आहे त्याची यादी असते. शेगडीच्या कामास पात्र असलेला माणूस बॉयलरच्या कामास पात्र असेलच असे नाही. एम.डी. बालरोग झालेल्याने मोतिबिंदूची शस्त्रक्रिया करू नये, इतकेच हे सरळ आहे. म्हणून लंडन-बर्मिंगहॅममध्ये घर घेणाऱ्या आपल्या मुलाबाळांना माझे सांगणे असे, की घरमालकाकडे चालू वर्षाचा दाखला मागा, दारात आलेल्या इंजिनीअरच्या ओळखपत्राची मागील बाजू वाचा आणि त्याचा क्रमांक नोंदवहीत पडताळून पाहा. यात संकोच करण्यासारखे काही नाही.

आणि हा नियम जेथे पाळला जात नाही तेथे काय होते, तेही ब्रिटिश समाजाने पाहिले आहे. ऑक्टोबर २००६ मध्ये ग्रीसच्या कॉर्फू बेटावर सुट्टीसाठी गेलेल्या एका कुटुंबातील ७ वर्षांची मुलगी आणि ६ वर्षांचा मुलगा हॉटेलच्या बंगलीत मृत्युमुखी पडले. लगतच्या सदोष बॉयलरमधला कार्बन मोनॉक्साइड त्यांच्या खोलीत शिरला होता. २०१५ मध्ये इंग्लंडमधील चौकशीत ज्यूरीने हा मृत्यू बेकायदा हत्या ठरवला. त्या मुलांना कोणताही आजार नव्हता.

आपल्याकडे काय आहे? एलपीजीवर चालणाऱ्या लहान गिझरसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५५५८. गॅस कंपन्यांचे स्वतःचे अधिकृत तंत्रज्ञ आहेत, उत्पादकांची सेवाकेंद्रे आहेत. परंतु कोणाही नागरिकाला पडताळून पाहता येईल अशी गॅसचे काम करणाऱ्यांची एकच राष्ट्रीय नोंदवही आपल्याकडे नाही, आणि भाड्याच्या घराच्या वार्षिक तपासणीची सक्तीही नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मान्य केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्याची दुसरी अनुसूची वाचली, तर नळाचे वॉशर बदलणे, मोरी साफ करणे यांच्याच पंक्तीत गिझरची दुरुस्ती भाडेकरूच्या वाट्याला दिलेली आढळते. करारात वेगळे ठरले नसेल तर ती त्याने करावयाची. हा नमुना आहे, तो स्वीकारणे राज्यांकडे आहे. परंतु त्यामागील दृष्टी मला चिंताजनक वाटते. नळाचे वॉशर गेले तर पाणी ठिबकते. गॅस गिझरची गोष्ट तशी नाही. अकरा महिन्यांसाठी आलेला विद्यार्थी किंवा बदलीच्या नोकरीतील तरुण जोडपे भिंतीवर आधीपासून बसवलेल्या उपकरणाचा इतिहास जाणत नाही, ते हलवण्याचा अधिकार त्याला नाही आणि झरोका पाडण्याचा तर नाहीच. ज्याच्या हाती बदल करण्याचा अधिकार, त्याच्याच शिरावर जबाबदारी असावी, हा साधा न्याय आहे.

यावर येणारे आक्षेप मी ऐकले आहेत आणि ते अगदीच निराधार नाहीत. 'भाडे मुळात तुटपुंजे, त्यात हा खर्च कुठे?' असे म्हटले जाते. वर्षातून एकदा तपासणीसाठी तंत्रज्ञ बोलावण्याचा खर्च भाड्याच्या मानाने किरकोळ असतो, आणि तोही जड वाटत असेल तर गॅसचा गिझर काढून विजेचा किंवा सौर बंब बसवावा. न्हाणीघराबाहेर जागाच नसेल तेथे तर हाच एक मार्ग योग्य आहे. 'भाडेकरूच खिडक्या बंद करतात' हेही खरे आहे. थंडीत माणसे खिडक्या बंद करणारच. म्हणून तर बंद न करता येणारे झरोके, बाहेर सोडलेले धुराडे आणि न्हाणीघराबाहेर बसवलेले यंत्र हवे. 'वीस वर्षे काही झाले नाही' हा तिसरा आक्षेप. लस न घेतलेल्या मुलाचे आईवडील हेच म्हणतात तेव्हा आपण त्यांना काय उत्तर देतो, ते प्रत्येकाने आठवावे. चौथा आक्षेप अधिक खरा आहे: नोंदवहीच नाही, तर पात्र माणूस ओळखायचा कसा?

त्यासाठी काही गोष्टी आजही आपल्या हाती आहेत. पाइपाचा गॅस असेल तर गिझरची जोडणी गॅस कंपनीला कळवून, तिच्या अधिकृत माणसाकडूनच करून घ्यावी. स्वयंपाकघरातील जोडणीतून परस्पर नळी काढू देऊ नये. सिलिंडर असेल तर वितरकाकडील मेकॅनिकला बोलवावे. गिझर आयएसआय चिन्हाचा असावा आणि तो उत्पादकाच्या सेवाकेंद्राच्या तंत्रज्ञाने बसवावा. त्याचे ओळखपत्र पाहून नाव, क्रमांक व तारीख लिहून ठेवावी. सिलिंडरवरचा गिझर पाइपाच्या गॅसवर आणायचा असेल, तर त्या मॉडेलचे योग्य जेट उत्पादकाकडून मिळते का ते विचारावे. मिळत नसेल तर नवा गिझर घ्यावा. काम झाल्यावर त्याने काय काय तपासले ते कागदावर घ्यावे: ज्योतीचा रंग, गळती, रबरी नळीची स्थिती आणि तिच्यावरची तारीख, वीस मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असल्यास ती चालते का, धुराड्याचे तोंड आणि झरोके. जो माणूस असा कागद लिहून सही करायला तयार नाही, त्याला काम देऊ नये. पात्रता ओळखण्याची ही कसोटी अपुरी आहे, परंतु ओळखीच्या शिफारशीपेक्षा ती चांगली आहे. या कागदाची एक प्रत भाडेकराराला जोडावी आणि करारातच 'गॅस उपकरणांची वार्षिक तपासणी मालक करील' हे एक वाक्य घालावे. तपासणीसाठी दिवाळीपूर्वीचा पंधरवडा उत्तम. त्यानंतर थंडी सुरू होते. घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावता आला तर अवश्य लावावा. एलपीजी गळतीसाठीचा १९०६ हा क्रमांक भाडेकरूच्या स्वयंपाकघरात लिहून लावावा. पाइपाचा गॅस असेल तर कंपनीचा तातडीचा क्रमांक.

डॉक्टर म्हणूनही आपल्याला एक सवय लावून घेता येईल. हिवाळ्यात न्हाणीघरात चक्कर येऊन पडलेले किंवा प्रथमच झटका आलेले मूल समोर आले, अथवा एकाच घरातील दोघा-तिघांना एकदम डोकेदुखी आणि मळमळ झाली, तर 'घरी गिझर कोणता आहे आणि कुठे बसवला आहे?' हा प्रश्न विचारावा. संशय आला तर ऑक्सिमीटरच्या आकड्यावर न विसंबता प्राणवायू सुरू करावा आणि रक्तातील कार्बॉक्सिहिमोग्लोबिनची तपासणी करावी. मूल बरे झाले तरी तो गिझर काढून योग्य जागी बसवल्यावाचून त्या कुटुंबाला त्याच घरात परत पाठवू नये. घरमालकाला दूरध्वनी करणे हा त्या उपचाराचाच भाग समजावा.

शेवटी आपल्या संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. आपल्या सभासदांपैकी ज्यांनी घरे भाड्याने दिली आहेत, त्यांनी येत्या दिवाळीपूर्वी आपापल्या घरातील गॅस उपकरणांची तपासणी करून लेखी नोंद ठेवावी, असा ठराव वार्षिक सभेत करावा. तपासणीच्या कागदाचा एक नमुना संस्थेने मराठीत व गुजरातीत छापून सभासदांना द्यावा. त्यानंतर गॅस कंपनीकडे आणि महानगरपालिकेकडे जाऊन अधिकृत तंत्रज्ञांची यादी जाहीर करावी अशी मागणी करण्याचा अधिकार आपल्याला राहील. आधी स्वतःच्या भिंतीवरचा गिझर पाहिल्यावाचून ती मागणी करणे मला शोभादायक वाटत नाही.